आईचा पट्टा

बास्केटबॉलच्या सरावात शॉट सुटला की केतकीने मागच्या मुलीला पाठीने अडवून धरायचं आणि मगच उडी मारायची. पण आजही ती आधीच उडाली. लगेच कमरेच्या पट्ट्याने तिला हळूच मागे ओढलं. अगदी आईसारखं. केतकीने डोळे मिटले.

पट्ट्यात आईचा खेळ साठवलेला होता. आई राज्याच्या संघात पॉवर फॉरवर्ड होती, रिंगखाली झुंजणारी. तिला जाऊन दोन वर्षं झाली. केतकीच्या अंगात जे मुरलं, ते पट्टा पुन्हा शिकवत नसे. रिंगखाली वळणं मुरलं, धक्का सोसून चेंडू टाकणं मुरलं, आणि तिथे तिथे आई गप्प झाली. आता एवढं रिबाउंडचंच, हुकून परत आलेला चेंडू उडी मारून पकडायचंच, उरलं होतं.

"मुद्दाम चुकतेस होय गं?" हेमामावशीने विचारलं. ती आईची मैत्रीण आणि आता केतकीची कोच. "उद्या निवड आहे. तिथे पट्टा चालत नाही, बाई."

"हे आलं की आई संपली, मावशी."

मावशीने चेंडू उचलला. "अगं, कीर्तनात बुवा ओळ अर्धी सोडतात, ती पुढची आपण म्हणावी म्हणून. तुझी आई तर इतक्या मोठ्याने म्हणायची, शेजारच्या बायका कानांवर हात ठेवायच्या!"

केतकीला हसू आलं. "टाक पुन्हा."

शॉट सुटला. याही वेळी चुकायचं तिने ठरवलंच होतं. पण पाठ आपोआप वळली, पाय रोवले गेले, आणि उडी नेमकी वेळेवर पडली. चेंडू हातात आला. तो पोटाशी घट्ट धरून केतकी कितीतरी वेळ उभी राहिली, पट्टा ओढेल म्हणून वाट पाहत.