समईची सावली

“रोज दिवा लावलास की मला फोन कर, मम्मी. वचन दे,” शिरपूरला निघताना जिनल म्हणाली होती. तिथल्या कॉलेजात ती उजेडावर प्रयोग करायची. सांगायची, “उजेडातली खूण इथं पुसली जाते आणि दूर तिकडं उमटते. पण इथून निरोप गेला तरच.”

“लेकीचंही असंच असतं,” जतनबाई हसल्या. वचन दिलं.

परवा जळगावच्या घरात प्रभूंपुढं समई लावून त्यांनी फोन केला, तशी भिंतीवरची समईची सावली नाहीशी झाली.

“मम्मी, माझ्या खोलीत समईची सावली पडलीय! इथं कुठली आली समई?” जिनल हसत होती.

काल बोलता बोलता जतनबाईंच्या उजव्या हाताची सावली गेली. जिनल हसली नाही. “भिंतीवर हात आहे. तुझ्याच बांगड्या. मम्मी, उद्या फोन नको करूस.”

आज सूर्यास्ताआधी जेवून त्यांनी समई लावली. भिंतीवरची बाई एका हाताची होती. त्यांनी उजवा हात ज्योतीवर धरला. ऊब लागली नाही.

तिकडं त्या खोलीत लेक त्या हाताबरोबर एकटीच होती.

जतनबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि डाव्या हातानं हळूच फोन उचलला.