पदरावरचा डाग

रिठ्याच्या कोमट पाण्यात धुतलेला, सावलीत वाळवलेला जरीचा शालू सगुणा परटिणीने मलमलीत गुंडाळून आणला. वकिलीणबाईंनी पदर खिडकीशी उलगडला. "हा पिवळा डाग कसला?" "केशर सांडलं असंल की, बाईसाब. जुनाच हाय." खरं तर परवा भवानी पेठेतल्या मांडवात सगुणाची लेक हाच शालू नेसून बोहल्यावर चढली होती. बाईंनी धुण्याच्या सोड्यात भिजवलेलं बोट डागावर टेकवलं. डाग क्षणात लाल झाला. "केशर असं लाल होत नाही. हळद होते." सगुणाने पाय धरले. "पोरीनं जल्मात रेशीम नेसलं न्हवतं. चुकले. पुन्यांदा धुते." "नको. बंब पेटलाय, त्यात घाल." "बाईसाब, नवरीच्या हळदीचं कापड जाळत न्हाईत! तिचा संसार जळतो." "ठाऊक आहे," शालूची नीट घडी घालून तिच्या ओंजळीत ठेवत बाई म्हणाल्या, "म्हणूनच तुझ्या हातानं घाल."