अजून थोडं उजळ

"अजून वाढवा," मालक खुर्चीतूनच म्हणाले.

फोटोग्राफर बाईंनी कॅमेऱ्यावरचं चाक आणखी एक घर प्लसकडे सरकवलं. मागे पत्र्याच्या शेडखाली खोक्यांच्या कारखान्यातली सगळी माणसं पोट आत ओढून उभी होती. मालक तेवढे पुढे, भर उन्हात. पांढरा सूट, पांढरे बूट, पांढरे केस. बसायला उंच पाठीची, रुंद हातांची खुर्ची, तिच्यावरही पांढरा अभ्रा.

खुर्चीच्या अगदी मागे, सावलीत, फोरमन उभा होता. उद्यापासून तो निवृत्त. या वार्षिक फोटोत तो दरवर्षी असायचा, निदान तो तसं सांगायचा. समोर एवढा लख्ख पांढरा ढीग बघून कॅमेरा बिचकायचा आणि सगळा फोटोच अंधारून टाकायचा. मालक सुरेख यायचे, बाकीच्यांच्या नुसत्या सावल्या. घरी बायको विचारायची, "यात तुम्ही कुठले?" तो एका सावलीवर बोट ठेवायचा. ती "असेल" म्हणायची आणि भाजी ढवळायला जायची. सगळी उमेदीची वर्षं कारखान्यात घातली आणि दाखवायला तोंड नाही, हे त्याच्या मनाला फार लागायचं. आजचा फोटो शेवटचा होता.

म्हणून सकाळीच त्याने बाईंना गाठलं होतं. "यंदा तरी आमची तोंडं दिसू द्या."

"कॅमेऱ्यात प्लस केलं की दिसतील," बाई म्हणाल्या. "पण मग मालकही उजळ होतील. त्यांना विचारावं लागेल."

त्यांनी विचारलं. मालकांनी त्यातलं 'उजळ' तेवढं ऐकलं. टेबलाच्या खणात गोरं करणाऱ्या क्रीमच्या ट्यूबा ठेवणारा माणूस तो. इतकी वर्षं ही सोय आपल्यापासून लपवून ठेवली, म्हणून ते आधी बाईंवरच उखडले. मग सुरू झालं, वाढवा, अजून वाढवा.

"साहेब, आता जास्त होतंय."

"माझ्या चेहऱ्याचं मला कळतं. फिरवा शेवटपर्यंत."

बाईंनी फिरवलं. उन्हात कॅमेऱ्याच्या पडद्यावर कुणाला काही धड दिसेना. मालकांनी तरीही बघून "झकास" म्हणून टाकलं आणि संध्याकाळच्या आत प्रत्येकाला एकेक प्रत द्यायचं फर्मान काढलं.

घरी बायकोने चष्मा लावला. यंदा तिने काही विचारलं नाही. तिचं बोट सरळ त्याच्या चेहऱ्यावर गेलं. "हे तुम्ही. आणि कॉलरचं बटण पुन्हा तुटलंय."

फोरमनने कॉलर चाचपली. बायको मात्र अजून फोटोच न्याहाळत होती. तिच्या कपाळावर आठी पडली.

"अहो, इतकी छान खुर्ची पुढे रिकामी होती," ती म्हणाली, "तर तुम्ही का नाही बसलात?"