मागून आलेली हाक

"ताई, आदी पोरीचा आवाज येऊ द्या घरात. मंग शिनेमाचा आना," गव्हाणहून मालिशीला येणारी चंद्रावती म्हणाली होती. रुचिराने ते हसून सोडून दिलं होतं. आता रविवारच्या दुपारी, पनवेलच्या एका स्पीकरच्या दुकानातल्या अंधाऱ्या खोलीत ती सोफ्यावर बसली होती आणि सोफ्यामागे बाबागाडीत आभा झोपली होती. अडीच वर्षांची आभा. अजून एक शब्दही न बोललेली.

कान उत्तम आहेत, असं डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं होतं. वाट बघा म्हणाले होते. रुचिरा वाट बघत होती. चालता मिक्सर मध्येच थांबवायची. न जाणो, आभा काही म्हणाली असली तर? आंघोळीला जाताना दार किलकिलं ठेवायची. "आई" ही हाक स्वप्नात तिने इतक्यांदा ऐकली होती की जाग आल्यावर क्षणभर ती सुखातच असायची.

खोलीच्या भिंतींना जाड फोम होता. रस्त्यावरचे हॉर्न दारातच विरघळले होते. पाण्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटत होतं. दुकानाचा मालक प्रणित याने बटण दाबलं आणि पडद्यावर एक खाडी उजाडली. पाणी डावीकडून उजवीकडे सरकलं. बगळ्यांचा थवा डोक्यावरून गेला तशी रुचिराने नकळत मान खाली घातली. मग पडद्यावरचा मुलगा कांदळवनात शिरला, दिसेनासा झाला, आणि अगदी तिच्या मानेमागून हाक आली, "आई!"

ती उठून उभीच राहिली. धावत बाबागाडीशी गेली. आभा गाढ झोपेत होती.

"अगं, सिनेमा आहे तो," तिचा नवरा विश्वजीत हसत म्हणाला. "बस खाली."

"हे मोठे स्पीकर झाले," प्रणित म्हणाला. "आता जरा लहान ऐका."

तोच प्रसंग पुन्हा. तेच पाणी, तेच बगळे, तीच हाक. रुचिरा अर्धी उठली आणि मग ओशाळून बसली.

"मॅडमना जाहिरातीत घ्यायला पाहिजे," प्रणित म्हणाला.

"सोफ्याला बेल्ट आहे का हो?" विश्वजीत म्हणाला. "हिला बांधूनच ठेवतो."

रुचिराही हसली. अंधारात तिचे कान तापले होते.

"चौदा बाय दहाचा हॉल ना तुमचा? मग हेही नकोत," प्रणित म्हणाला. "मुठीएवढे आलेत बघा. मागच्या भिंतीवर लावा आणि विसरून जा. फक्त हाक आली की आठवतील." मोबाइलचा उजेड पाडत तो पडद्याखालच्या यंत्रापाशी गुडघ्यांवर बसला आणि वायरी काढू-घालू लागला. खाडी पडद्यावर वाहतच राहिली.

रुचिराने ठरवलं, आता वळायचं नाही. साध्या बायका बघतात तसा सिनेमा बघायचा. तिने पाठ सोफ्याला टेकवली. डोळे मिटले. किती दिवसांनी कुणाचीच चाहूल न घेता ती नुसती बसली होती. पाणी समोरून येत होतं, तिच्या पायांशी थांबत होतं.

"आई."

ही हाक बारीक होती. जराशी घोगरी, झोपेतून उठल्यासारखी.  रुचिराने दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरले. वळली नाही.

"आई."

"वा!" विश्वजीत म्हणाला. "मोठ्यांपेक्षा यांचा आवाज जास्त खरा वाटतो गं. कुणी मागे बसलंय असंच वाटतं."

तिसरी हाक आणखी हळू आली. मग आलीच नाही.

"हेच घेऊया," डोळे मिटलेलेच ठेवून रुचिरा म्हणाली. आपण एकदाही वळलो नाही, याचं तिला केवढं बरं वाटत होतं! "हेच बांधून द्या."

प्रणितने वर बघितलं. वायरींची उघडी टोकं अजून त्याच्या हातातच होती.

"मॅडम, हे अजून जोडलेच नाय मी. मागचं सगळं बंद हाय."

रुचिरा वळली. आभा जागी होती. पांघरूण खाली पडलं होतं. आईच्या पाठीकडे पुढे केलेले तिचे दोन्ही हात आता सावकाश खाली येत होते. ओठ मिटलेले होते.

याला अकरा दिवस झाले. आभा जेवते, हसते, हवं ते बोटाने दाखवते. रुचिरा तिच्याकडे तोंड करून बसते. आणि भेटेल त्याला, आज तुम्हालाही, तिचं एकच सांगणं आहे. तुमच्या घरात फारसं न बोलणारं कुणी असेल, आणि वाचता वाचता मागून काही ऐकू आल्यासारखं वाटलं असेल, तर हे वाचणं इथेच थांबवा. आधी वळून बघा.