उजवीकडचा रकाना

‘सबंध महिन्याची सरासरी कशाला काढत बसलीस? शेवटच्या तीन नोंदी बघ. हवा कुठे निघालीय ते त्याच सांगतात.’

अप्पा हे म्हणाले तेव्हा ती दहा वर्षांची होती, वेधशाळेतल्या वायुभारमापकापुढे स्टुलावर उभी. आता ती त्याच वेधशाळेत नोकरीला होती आणि वडिलांचं ते बोलणं पार विसरली होती.

समोरच्या पडद्यावर हिरवी पट्टी सरकत होती. वेधशाळेच्या जुन्या नोंदवह्या स्कॅन करून झाल्या होत्या. आता तिने लिहिलेली स्क्रिप्ट एकेक पान वाचून हाताने लिहिलेले आकडे संगणकात उतरवत होती. एखादा आकडा लागला नाही की स्क्रिप्ट थांबून तिला विचारायची, म्हणून तिला जागचं हलता येत नव्हतं. पट्टीखाली लिहिलेलं असायचं, ‘उरलेला वेळ : तीन दिवस.’

पंधरा दिवस झाले, तीनच दिवस उरले होते.

शेजारच्या टेबलावर हवामानाचे नकाशे काढणारे एक जण बसायचे. त्या नकाशेवाल्यांना आयतंच फावलं होतं. त्यांचे एक मामा होते म्हणे. लग्नघरून फोन गेला की ‘हा काय, निघालोच’ म्हणायचे आणि आंघोळीला जायचे. नकाशेवाल्यांनी पट्टीचं नाव ‘मामा’ ठेवून टाकलं. सकाळी आल्या आल्या विचारायचे, मामा निघाले का? ती हसायची, आणि हसून झालं की पुन्हा पट्टीकडे बघायची.

घर बसने चार तासांवर. तिथे अप्पा अंथरुणाला खिळले होते. एकतीस वर्षं त्यांनी या वेधशाळेत नोंदी केल्या. अंगात ताप असो, घरात कार्य असो, सकाळी आठचा नेम कधी चुकला नाही. पूजेला बसावं तसे हात धुऊन वही उघडायचे. मागच्या भेटीत त्यांनी लेकीकडे एकच गोष्ट मागितली होती. ‘माझं शेवटचं पान मशीनला वाचता आलं, की ये. मला वाचून दाखव.’ त्यांच्या हातावर हात ठेवून ती हो म्हणाली होती. तेव्हापासून रोज आईचा फोन यायचा, अप्पा विचारतायत, किती राहिलं गं? ती पट्टीकडे बघून सांगायची, तीन दिवस.

आज आईचा फोन भर दुपारी आला. आवाज दबका होता. अप्पांच्या उशाशी एक वही असते, आई सांगू लागली. त्यांचा हात थरथरतो, म्हणून ते सांगतात आणि आई लिहिते. दोन रकाने आखून घेतलेत. डावीकडे, दिवसभरात पोटात किती चमचे गेले. उजवीकडे, लेक काय म्हणाली.

‘तिला सांगू नको, म्हणालेत. पण मी आपली वाचतेच.’

आणि आई शाळेतल्या मुलीसारखी एका सुरात वाचू लागली.

‘सोमवार. आठ चमचे. तीन दिवस. मंगळवार. पाच चमचे. तीन दिवस. काल. दोन चमचे. तीन दिवस.’

डॉक्टर काय म्हणतात, असं तिने विचारलं. महिनाभर तरी काढतील म्हणतात, आई म्हणाली. तीन महिन्यांचे सगळे कागद मांडून बघितले त्यांनी.

फोन ठेवून तिने ते आकडे कागदावर ओळीने मांडले. आठ, पाच, दोन. पुढचा आकडा काढायला संगणक लागत नव्हता. स्टुलावर उभी असताना ऐकलेलं ते बोलणं आत्ता कुठे तिच्या कानात उतरलं.

तिने आपली स्क्रिप्ट उघडली. चूक तिथे उघड्यावर पडली होती. पहिल्या पानापासूनची सरासरी काढून तिने उरलेल्या पानांना लावली होती. सुरुवातीच्या वर्षांत दिवसाला एक ओळ असे. अप्पा आले आणि दिवसाच्या आठ झाल्या, वारा आला, ढग आले, शेऱ्याचा रकाना भरू लागला. पान पानागणिक दाट होत गेलं होतं. आणि दाट पानांचा वेळ ती विरळ पानांवरून सांगत बसली होती. तिने एक ओळ बदलली. फक्त शेवटची दहा पानं धरायची. पट्टीखालचा आकडा हलला.

‘उरलेला वेळ : एकोणीस दिवस.’

तारखेच्या क्रमाने जायचं, मधला एकही दिवस ओलांडायचा नाही, हे वेधशाळेतल्या सगळ्यांच्या अंगात मुरलेलं. शेवटचं पान आधी घ्यावं, हे म्हणूनच तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ते पान दोन महिन्यांपूर्वीच स्कॅन होऊन फोल्डरच्या तळाशी पडलं होतं. तिने पट्टी थांबवून तेवढं एकच पान स्क्रिप्टपुढे ठेवलं. चार मिनिटं लागली. एकही आकडा अडला नाही. निवृत्तीच्या दिवशीही अप्पांचं अक्षर ढळलं नव्हतं.

पानाची छापील प्रत तिने घडी न घालता पुठ्ठ्याच्या पाकिटात सरकवली. पट्टी पुन्हा चालू केली आणि नकाशेवाल्यांना आपली खुर्ची दाखवली.

‘तू जा,’ ते म्हणाले. ‘मामांना मी काढतो आंघोळीतून बाहेर.’

जिन्यात पोचते तोच फोन वाजला. पुन्हा आई.

‘अगं, ते वही पुढे करतायत. आजचं लिहून ठेव म्हणतात. डावीकडे एक चमचा लिहिलाय. उजवीकडे काय लिहू?’

‘आज, असं लिही,’ ती म्हणाली, आणि पाकीट छातीशी धरून पायऱ्या उतरू लागली.