तीन नवस

"देवीआई, माझी पोर उठू दे, तुला मलिदा घालीन," असं म्हणून मिल्काबाईने हात जोडले आणि जीभच चावली. मलिदा एलियाहू नबीला बोललेला होता. देवीला नारळ आणि खण. चादर पिराला. की चादरच काल आपण देवीला बोलून बसलो? तिला काही केल्या आठवेना.

समोर कोपऱ्यात पाण्याने भरलेला तांब्याचा कलश होता आणि त्यात कडुलिंबाचा डहाळा. पलीकडे केळीच्या पानांवर सात वर्षांची रिबका निपचित पडली होती. देवी आल्याला आज नववा दिवस. अलिबागच्या डॉक्टरने दारातूनच पाहिलं आणि यावर औषध नाही म्हणून सांगितलं. तेव्हापासून मिल्काबाईचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

घर बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं. नवरा हस्काजी शनिवारी घाणा जुंपत नसे, म्हणून सारं थळ गाव त्यांना शनवार तेली म्हणे. एका देवाखेरीज कुणापुढे हात जोडायचे नाहीत हे मिल्काबाई बोलायला लागली तेव्हापासून शिकली होती. पण पोर तापाने फणफणली की शिकलेलं कुठं राहतं? शेजारची तुळशी कोळीण घरचा कलश घेऊन आली. "आई आलीय तुज्या घरात, तिला बसाया जागा दे," म्हणाली. मिल्काबाईने दिली. हस्काजी अलिबागजवळच्या खंडाळ्याला, स्वर्गात जाताना एलियाहू नबीचा रथ टेकला म्हणतात त्या खडकापाशी, मलिदा बोलून आला. पिराची चादर कुणी सुचवली हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. मिल्काबाईची तर तीन घरं झाली होती, आणि एकही नवस फळत नव्हता.

चौथ्या घरी, म्हणजे आपल्याच देवाच्या दारी, ती जात नव्हती. तिचा थोरला शालोम तीन वर्षांपूर्वी याच दुखण्याने याच खोलीत गेला. तेव्हा तिने त्या एका देवाशिवाय कुणाला हाक मारली नव्हती. रात्रंदिवस मारली होती. त्यानंतरही ती दर शुक्रवारी सांजेला शब्बाथचा, शनिवारच्या पवित्र दिवसाचा, दिवा लावी, तोंडाने आशीर्वाद म्हणे, पण आत काही हलत नसे. मागच्या शुक्रवारी तर दिवाही लावला नाही. आई बसलीय तिथं दुसऱ्याचा दिवा चालत न्हाय, असं तुळशीने बजावलं होतं. खरं सांगायचं तर मिल्काबाईला सुटल्यासारखं वाटलं होतं.

आज पुन्हा शुक्रवार. ऊन माडांच्या शेंड्यांवर चढलं होतं. तिने पुन्हा हात जोडले. "देवीआई..." पुढे शब्दच येईना. तुळशी हीच हाक मारते तेव्हा तिचे डोळे भरून येतात. आणि आपण? बाजारात घासाघीस करावी तसं चाललंय. नारळ नको तर मलिदा घे, मलिदा नको तर चादर घे, पण पोर दे. तिला हसू आलं. मग त्या हसण्याची भीती वाटली, मग रडू फुटलं. आपण बोलतोय तरी कुणाशी, हेच तिला कळेना.

ती उठली आणि तिने कलश उचलला. पाणी हिंदकळून पायांवर सांडलं. तेवढ्यात तुळशी ताजा पाला घेऊन दारात आली.

"काय गो वैनी, काय करतेस ह्ये?"

"तुझ्या आईला घरी घेऊन जा, तुळशी."

तुळशी पांढरीफटक पडली. "याड लागलंय काय तुला? कोपंल ती! पोर हाय आत!"

"मी तिला मनापासून कधी हाकच मारली न्हाय गो. तुझी हाक खरी हाय. माझ्या खोट्या हाकंला कोन येनार?"

तुळशीने कलश घेतला आणि पदराखाली धरला. पण ती जागची हलेना. "मंग आता कुनाला हाक मारनार तू?"

"ज्याच्याशी माजं भांडन हाय, त्याला."

तुळशी गेल्यावर मिल्काबाईने आढ्याला टांगलेला शब्बाथच्या दिव्याचा काचेचा पेला उतरवला, पदराने पुसला, पाण्यावर तेल सोडलं आणि वात पेटवली. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आशीर्वादाचा पहिला शब्द ओठांवर आला आणि तिथंच अडला.

"माजा शालोम का नेलास?"

हे आपणच बोललो यावर तिचा विश्वास बसेना. पण मग ते थांबेचना. शालोम शेवटच्या दिवशी पाणी मागत होता आणि या दुखण्यात पाणी देऊ नको असं जाणत्यांनी सांगितलेलं, म्हणून तिने दिलं नव्हतं. हे ती आजवर हस्काजीलाही बोलली नव्हती. ती भांडली, मग क्षमा मागितली, मग पुन्हा भांडली. उत्तर काही आलं नाही. पण आपलं बोलणं भिंतीवर आपटून परत येत नाही, कुणीतरी ते ऐकून घेतंय, एवढं तिला कळत होतं. कसं कळत होतं ते मात्र तिला सांगता आलं नसतं.

बैलाला वैरण टाकून हस्काजी आत आला. पेटलेला दिवा, रिकामा कोपरा आणि बायकोचे सुजलेले डोळे पाहून तो उंबऱ्यातच थबकला. रिबकाचा श्वास अजून तसाच जड चालला होता.

"पोरीसाठी मागितलंस ना त्याच्याकडं?" त्याने हलक्या आवाजात विचारलं. "काय नवस बोललीस?"

मिल्काबाई दचकली. तिने पोरीकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं.

"भांडन्यात मागायचं ऱ्हायलंच," ती म्हणाली, आणि शालोम गेल्यापासून पहिल्यांदाच तिला भीती वाटत नव्हती.