रांगेतली जागा

ढाक्यात मीरपूरच्या पंपावर सीएनजी रिक्षांची रांग हलायचं नाव घेत नव्हती. तोराबच्या टाकीत जेमतेम एका फेरीपुरता गॅस होता, पण रांग सोडली की पुन्हा शेपटाला. त्यात घरी बायकोचे, सुफियाचे, दिवस भरलेले आणि आईचा फोन लागत नव्हता. तो सारखा नंबर दाबत होता.

"भाऊ, मेडिकल हॉस्पिटलला येता का? बाई अडलीय," रिक्षाच्या जाळीच्या दारातून कुणीतरी विचारलं.

"गॅस नाही. पुढे बघा," फोनवरची नजर न काढता तोराब म्हणाला.

तेवढ्यात फोन लागला.


"बाळा, सुफियाला सायकलरिक्षातनं घेऊन निघालोय," आई रडकुंडीला आली होती. "आत्ताच मीरपूरच्या पंपावर सायकलरिक्षावाल्यानं एका सीएनजीवाल्याला विचारलं. मेल्यानं मान वर करून बघितलंसुद्धा नाही."